म्हैसूरच्या वाटेवरील रंगविलेल्या भिंती

कागदावरील किंवा कापडावरील चित्र गुंडाळून नेता येते, विकता येते, संग्रहालयात टांगता येते. भिंतीवरील चित्राला यांपैकी काहीच करता येत नाही. ज्या गावी ते काढले गेले त्याच गावी ते उभे राहते, तेथील ऊन-पाऊस सोसते, तेथील माणसांच्या हातून पुसले जाते व पुन्हा रंगविलेही जाते. ते पाहावयाचे तर पाहणाऱ्यानेच वाट धरली पाहिजे.

अशी वाट धरण्याची हौस अलीकडे ऑस्ट्रेलियात विशेष वाढलेली दिसते. त्या देशातील गव्हाच्या मुलखात रेल्वेमार्गालगत धान्य साठविण्यासाठी काँक्रीटचे उंच, गोल बुरूज बांधलेले असतात. त्यांना सायलो म्हणतात. २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम येथे अशा बुरुजांवर प्रचंड चित्रे काढण्यात आली. पुढे २०१६ च्या आरंभी व्हिक्टोरिया प्रांतातील ब्रिम या चिमुकल्या गावी गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने वापरातून गेलेल्या कोठारांवर चार निनावी शेतकऱ्यांच्या भव्य आकृती रंगविल्या. हे चित्र पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले, शेजारच्या गावांनीही चित्रकार बोलाविले, आणि सुमारे २०० किलोमीटरचा एक चित्रमार्गच तयार झाला.

आपल्या दख्खनच्या पठारावर अशी कोठारे निपजण्याचा संभव नव्हता, कारण येथे धान्य जमिनीखाली जात असे. मराठीत ज्याला पेव म्हणतात त्यालाच कन्नड मुलखात हगेवु हे नाव आहे. जमीन खणून केलेल्या या बळदाला रंगवावयास भिंतच नसते. चित्रकाराला भिंत मिळाली ती राजवाड्यात, देवळात आणि क्वचित सरदाराच्या वाड्यात. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यातील चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या परंपरेची कल्पना येईल. म्हैसूरच्या आसपास ती परंपरा अधिक विस्तृत आहे, आणि एका मोटारप्रवासात तिचा बराच भाग नजरेखालून घालता येतो. या प्रवासाची एक मौज अशी की, वाट जसजशी पुढे जाते तसतसा काळ मागे जातो.

प्रारंभ म्हैसूर शहरापासून करावा. (१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसूरु असे झाले आहे; मराठीत रूढ असलेले म्हैसूर हेच नाव येथे ठेवले आहे.) जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये एका विवाहसमारंभाच्या वेळी आगीत जळाला व त्याच जागी हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार आजचा राजवाडा उभा राहिला, १९१२ मध्ये तो पूर्ण झाला. त्यातील कल्याणमंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ चित्रे आहेत. १९३० नंतरच्या काळात राजवाड्याच्या चित्रकारांनी छायाचित्रांच्या आधारे ती रंगविली. त्यांतील चेहरे खऱ्या व्यक्तींचे आहेत, गणवेशावरील बिल्लाही चुकलेला नाही. अचूकपणाचे कौतुक वाटते. परंतु भिंतीवरच्या चित्राला जो एक मोकळा श्वास असतो तो छायाचित्राच्या धाकाने येथे कोंडल्यासारखा झाला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याहून जुनी चित्रे जगन्मोहन राजवाड्यात आहेत. तिसरे कृष्णराज वडियार यांनी हा वाडा १८६१ मध्ये बांधला. मराठी प्रवासी येथे येतो तो बहुधा सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र पाहण्यासाठी. ते पाहून झाले की तो परततो. त्याने वरच्या रंगमहालाची चौकशी अवश्य करावी. तेथील भिंतींवर राजघराण्याची वंशावळ कमळाच्या रूपाने चितारलेली आहे, आणि या राजाने स्वतः रचलेले पटावरील खेळही आहेत. हे खेळ केवळ विरंगुळा नव्हेत. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर पाच वर्षांच्या या मुलाला इंग्रजांनी गादीवर बसविले आणि १८३१ मध्ये त्याच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. त्यानंतर १८६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो राजा होता, पण राज्य करीत नव्हता. सत्तेवाचून उरलेले राजेपण त्याने ग्रंथ, खेळ आणि चित्रे यांच्या ठायी खर्च केले. म्हैसूर शैलीची जी भरभराट आपण आज वाखाणतो तिच्या मुळाशी ही एक सक्तीची फुरसत आहे.

म्हैसूरहून बंगळूरच्या रस्त्याने सुमारे १५ किलोमीटर गेले की कावेरीच्या दोन प्रवाहांमधील श्रीरंगपट्टणचे बेट लागते. किल्ल्याच्या बाहेर, नदीजवळ, टिपू सुलतानाने १७८४ मध्ये बांधविलेला दर्या दौलत बाग हा ग्रीष्मकालीन महाल आहे. उंच चौथऱ्यावरील ही सागवानी वास्तू लांबून अगदी साधी दिसते. छपराच्या वळचणीला उन्हापासून बचावासाठी हिरवे पडदे सोडलेले असतात. त्यांच्याआड गेल्यावरच भिंती दृष्टीस पडतात, आणि मग कोठे पाहावे हे सुचत नाही. जमिनीपासून छतापर्यंत बोटभर जागाही चित्रावाचून सुटलेली नाही.

पश्चिमेकडील भिंतीवर एका बाजूस हैदरअली व टिपू यांच्या स्वाऱ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूस पोल्लिलूरचा रणसंग्राम. ही लढाई १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ झाली. कर्नल बेली याची सुमारे ३,८०० सैनिकांची इंग्रज तुकडी म्हैसूरच्या फौजेने घेरली आणि जवळजवळ नाहीशी केली. चित्रात इंग्रजांचा चौकोनी व्यूह मधोमध आहे. तांबड्या डगल्यांचे, एकाच साच्यातून काढल्यासारखे शिपाई ओळीने उभे आहेत. त्यांच्यावर दारूगोळ्याच्या गाड्याचा भडका उडालेला आहे. आणि जखमी बेली पालखीत बसून बोट चावीत आहे. बाजूला फ्रेंच अधिकारी लाली दुर्बिणीतून पाहतो आहे. या सर्व धुमाळीत टिपू मात्र बागेत फिरावयास निघाल्याप्रमाणे हाती गुलाब घेऊन आहे. निजामाच्या सैन्याजवळ एक गाय व एक रानडुक्कर रेखाटलेले आहे. मित्र म्हणून अपेक्षिलेल्या निजामावर केलेली ती टवाळी होय, असा त्याचा अर्थ लावला जातो.

येथे अंतर यथार्थ नाही, सावल्या नाहीत, घोडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. तरीही कल्याणमंडपातील बिनचूक मिरवणुकीपेक्षा हे चित्र अधिक काही सांगते, कारण ते सांगण्यासाठीच काढलेले आहे. भेटीस येणाऱ्याला, वकिलाला, नोकराला, सर्वांनाच ते उघड्या ओसरीवर दिसावे हा हेतू होता. शहराच्या रस्त्यांवरील घरांच्या भिंतींवरही टिपूने इंग्रजांची विटंबना करणारी चित्रे काढविली होती, असे त्या काळच्या इंग्रजांच्या लेखनावरून समजते. बेली स्वतः याच बेटावर कैदेत असताना १७८२ मध्ये मरण पावला. त्याचे स्मारक पुतण्याने १८१६ मध्ये उभारले. ते लालबागेत, हैदर व टिपू यांच्या कबरी असलेल्या गुंबजाच्या शेजारी आहे. जेते व जित दोघेही हाकेच्या अंतरावर आहेत.

आता एक अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. आपण पाहतो ती चित्रे टिपूच्या काळची आहेत काय?

उत्तर देण्यासाठी पूर्वेकडील भिंतीकडे वळावे. तेथे पाच रांगांमध्ये निरनिराळे दरबार मांडलेले आहेत : चितोडची राणी, तंजावरचा राजा, काशीचा राजा, मागडीचा केंपेगौडा, चित्रदुर्गचा मदकरी नायक, आणि मराठी वाचकाची पावले जेथे थबकतील ते पेशवे दुसरे बाळाजीराव, म्हणजे नानासाहेब. याच मंडळींत तिसरे कृष्णराज वडियारही आहेत. नानासाहेबांचे निधन १७६१ मधले, तर कृष्णराजांचा जन्म १७९४ मधला. महाल बांधला गेला तेव्हा हा राजा जन्मलाही नव्हता, आणि टिपूने आपल्या महालात वडियार राजाची अशी प्रतिष्ठापना केली असती हेही संभवत नाही. भिंतच आपल्याविरुद्ध साक्ष देते : तिच्यावर नंतरचा हात फिरला आहे.

तो कसा फिरला याची हकिकत म्हैसूरच्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. इंग्रज, निजाम व मराठे यांच्या फौजा श्रीरंगपट्टणवर चालून आल्या त्या १७९२ च्या वेढ्यापूर्वी टिपूने स्वतःच ही चित्रे पुसवून टाकली. या तिहेरी फौजेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन होते हे आपणांस इतिहासावरून ठाऊक आहे. १७९९ नंतर कर्नल आर्थर वेलस्ली या महालात राहिला. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढला तोच हा वेलस्ली. आपल्याच देशबांधवांच्या पराभवाचे चित्र त्याने पुन्हा दुरुस्त करविले. पुढे भिंतींना परत चुना लागला व चित्रे जवळजवळ लोपली. अखेर लॉर्ड डलहौसी १८५५ च्या सुमारास येथे आला असता, पूर्वीची चित्रे ज्याच्या स्मरणात होती अशा एका एतद्देशीय चित्रकाराकडून त्याने ती नव्याने रंगवून घेतली. या चित्रकाराचे नाव मात्र गॅझेटियर देत नाही.

चुन्याचा थर खरवडला की खालचे चित्र जसेच्या तसे मिळते, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. चित्र काढण्याच्या दोन रीती आहेत. गिलावा ओला असतानाच त्यावर रंग दिला तर चुना वाळताना रंगाचे कण आपल्यात बांधून घेतो व चित्र भिंतीचाच भाग बनते. दक्षिणेतील या काळच्या भिंतींवर बहुधा दुसरी रीत दिसते : गिलावा वाळल्यावर त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावावयाचे. या रीतीत बारीक रेघ सावकाशीने काढता येते, परंतु रंग पृष्ठभागावरच राहतो. त्यावर चढलेला चुना निघताना रंगाची खपलीही घेऊन निघतो. म्हणूनच त्या अनाम चित्रकाराला स्मरणावर विसंबावे लागले.

या लढाईचे त्याच धाटणीचे एक चित्र कागदाच्या दहा मोठ्या तावांवरही आहे. त्याची लांबी सुमारे ३२ फूट. टिपूच्या पाडावानंतर ते इंग्लंडला गेले आणि मार्च २०२२ मध्ये लंडनमध्ये लिलावात ६,३०,००० पौंडांना विकले गेले. भिंतीवरच्या चित्राला मोल नाही, कारण ते कोणी विकू शकत नाही. पण त्याच कारणाने ते पाहण्यासाठी पौंड मोजावे लागत नाहीत.

पुढची वाट लांब आहे. पांडवपूर, नागमंगल, कुणिगल या मार्गाने तुमकूर गाठावे. मंड्याच्या बाजूचा ऊस व भात मागे पडतात, नाचणीची राने लागतात आणि तुमकूरजवळ नारळाच्या बागा. तुमकूर ते शिरा या रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटरांवर सिबी हे खेडे आहे. पुणे-बंगळूर महामार्गाने जाणारे हजारो मराठी प्रवासी या गावाच्या अंगावरून जातात व थांबत नाहीत.

येथील नरसिंहाच्या देवळाची कथा धान्याशीच निगडित आहे. बैलांवर धान्य लादून चाललेला एक व्यापारी येथे मुक्कामाला उतरला. एका शिळेवर भांडे ठेवून धान्य शिजवू लागताच ते रक्तासारखे लाल झाले, आणि माणसे व जनावरे मूर्च्छित पडली. शिळेत आपला वास आहे असे नरसिंहाने दृष्टान्त देऊन सांगितले, तेव्हा व्यापाऱ्याने तेथे देऊळ बांधले. आजचे मोठे देवालय मात्र त्या व्यापाऱ्याचे नव्हे. टिपूच्या दरबारी असलेल्या कचेरी कृष्णप्पा यांच्या तीन मुलांनी, लक्ष्मीनरसप्पा, पुट्टण्णा व नल्लप्पा यांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंतच्या काळात ते उभारले. म्हणजे राज्य उलथत असताना एका कारभारी घराण्याने हे काम चालविले होते.

मंडपाचे छत रंगविलेले आहे. मान वर करून पाहावे लागते, आणि दोन-चार मिनिटांत ती दुखू लागते. तरी घाई करू नये. कृष्णाच्या बाललीला, रामायण-महाभारतातील प्रसंग, नरसिंहकथा यांच्या शेजारीच दरबाराची व मिरवणुकीची दृश्ये आहेत, आणि त्यांत हैदर व टिपूही ओळखले जातात. हिंदू कारभाऱ्यांनी बांधलेल्या विष्णुमंदिराच्या छतावर आपल्या जुन्या धन्याला अशी जागा मिळावी, तीही त्याचे नाव काढणे सोयीचे राहिले नसेल अशा काळात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महालातील चित्रे तीन वेळा सत्तेच्या सोयीने पुसली वा रंगविली गेली. सिबीच्या छताकडे गव्हर्नर जनरलचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते.

अर्थात लक्ष न जाण्याचीही किंमत असते. धूप-दिव्यांची काजळी, पावसाळ्यात झिरपणारे पाणी आणि वटवाघळे यांचा उपद्रव कोणत्याही जुन्या देवळातील चित्रांना होतो. त्याहून मोठा धोका भाविकांच्या उत्साहाचा : उत्सवापूर्वी देऊळ स्वच्छ दिसावे म्हणून चुना किंवा तेलरंग फासला की दोनशे वर्षांचे काम एका दिवसात संपते, आणि हे करणारा माणूस मनाने वाईट नसतो. सिबीला जाणाऱ्याने सकाळी जावे. त्या वेळी मंडपात तिरका उजेड येतो व छतावरील तांबडा आणि हिरवा रंग विजेरीवाचून दिसतो. विजेरी लावावयाचीच असेल तर ती चित्रावर रोखू नये. खालच्या फरशीवर टाकावी, परतलेला उजेड पुरेसा असतो.