पशुवैद्यांचा दवाखाना आणि एक जाड वही

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची लेक, सून किंवा धाकटी जाऊ पशुवैद्य असेल. दवाखाना नवा, बँकेचे हप्ते सुरू झालेले आणि बाकावर दिवसभरात एकदोघंच! मग घरातले सल्ले सुरू होतात. मोठा फ्लेक्स लावा, पेपरात सवलत जाहीर करा! जरा थांबा. भारतीय पशुवैद्यक परिषदेची १९९२ सालची आचारसंहिता आहे. साबणाच्या वडीसारखी डॉक्टरकीची जाहिरात केलेली तिला चालत नाही.

आणि खरं सांगू का, त्याची गरजही नाही. कुत्र्याचं पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, पुढे ठरावीक काळाने बूस्टर. या तारखा लक्षात कुणाच्या राहतात? मुलांच्या परीक्षा, पाहुणेरावळे, यात मोत्याची लस हमखास मागे पडते. म्हणून दवाखान्यात एक जाड वही ठेवावी. प्राण्याचं नाव, घरचा फोन, पुढची तारीख. चार दिवस आधी फोन करायचा, "काकू, शुक्रवारी मोत्याची लस आहे हं!" हे काम घरातलं कुणीही करील. कॉम्प्युटर असेल तर उत्तमच, पण वहीवाचून अडत नाही तसं वहीने भागतंही. शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या दिवशीही फोन हवाच. जेवला का, टाके चाटत नाही ना? असा फोन आला की काकू आपणहून शेजारणीला सांगतात.

फीचा आकडा आधीच सांगावा. बिल पाहून दचकलेली बाई भांडत नाही, ती पुन्हा येतच नाही! मांजरांना बसायला वेगळा कोपरा हवा. समोर कुत्रा गुरगुरत असला तर पिशवीतली मनी अंगाला हात लावू देत नाही.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. रेबीजची लस तयार करणारे लुई पाश्चर १८९५ मध्ये याच तारखेला वारले. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी एखाद्या शाळेत जावं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, एवढंच सांगावं. मी शिकवते ना, म्हणून सांगते, मुलं हे घरी जाऊन जसंच्या तसं बोलून दाखवतात. मात्र तिथे दवाखान्याची पत्रकं वाटू नयेत. ते बरं दिसत नाही.

दिवाळीपूर्वी दाराशी फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात: फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, औषध लागेल का ते आधीच विचारून जा. आणि दिवाळी झाली की फळा पुसा. जुना मजकूर कुणी वाचत नाही.