न दिसणाऱ्या जागेची चकाकी

गेल्या डिसेंबरात माझी नात अमेरिकेहून पुण्याला, कर्वेनगरला आली, तेव्हा तिच्या सॅकमध्ये एक चपटा खोका होता. आत पाइन लाकडाचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार काळी चाकं आणि चार खिळे. जानेवारीअखेरच्या शर्यतीसाठी तिला त्यातून मोटार बनवायची होती. ठोकळा कसा कापायचा, रंग कोणता द्यायचा, याची चित्रं तिनं विमानातच काढून ठेवली होती. मी आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलं. त्यामुळे माझा हात आधी खिळ्यांकडे गेला. एका खिळ्यावरून नख फिरवलं, तर डोक्याच्या जरा खाली ते अडकलं. "आजोबा, काय बघताय?" तिनं विचारलं. मी तिचं नख त्याच जागी टेकवलं आणि म्हटलं, "गाडी इथं अडते, बाळा."

पुढचे दहा दिवस आमची गॅलरी म्हणजे वर्कशॉप झालं होतं. तेव्हा जे केलं आणि त्यामागं जे शास्त्र आहे, ते घराघरांतल्या आजी-आजोबांना आणि आई-बाबांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

एका बापाला सुचलेली शर्यत

या शर्यतीचं नाव पाइनवूड डर्बी. अमेरिकेत त्याआधीपासून एक शर्यत होती, सोप बॉक्स डर्बी. तीत मुलं स्वतः बनवलेल्या, इंजिन नसलेल्या गाडीत बसून उतारावरून सुटायची. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी राहणाऱ्या डॉन मर्फी यांचा दहा वर्षांचा मुलगा त्या शर्यतीसाठी लहान ठरत होता. मर्फी हे कब स्काउटच्या, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट शाखेच्या, स्थानिक तुकडीचे प्रमुख होते. मुलाला गाडीत बसता येत नसेल, तर हातात मावेल एवढी गाडी त्याच्याकडून बनवून घ्यावी आणि उतारावर सोडावी, असं त्यांना सुचलं. पहिली शर्यत १५ मे १९५३ रोजी झाली. पुढच्या वर्षी 'बॉइज लाइफ' या मासिकानं ती देशभर पोहोचवली. २०१८ पासून कब स्काउटमध्ये मुलींनाही प्रवेश मिळाला आणि अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतल्या मुलीही हा ठोकळा घेऊन बसू लागल्या.

आमच्या कर्वेनगरात मुलीच्या हातात कानस दिसली तर कुणी वळून बघत नाही. हे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये विधवा स्त्रियांसाठीचा आपला आश्रम इथल्या माळावर आणला. त्यांच्याच संस्थेचं मुलींसाठीचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून इथं आहे.

शिदोरी सगळ्यांना सारखीच

शर्यतीचे नेहमीचे नियम मोजके आहेत. गाडीची लांबी ७ इंच, रुंदी पावणेतीन इंच आणि वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. इंजिन नाही, सेल नाही, स्प्रिंग नाही. साधारण चार फूट उंचीवर गाडी उभी करायची आणि सोडून द्यायची.

म्हणजे प्रत्येक गाडीला मिळणारी ऊर्जा तिच्या वजनावर आणि उंचीवरच ठरते. १४२ ग्रॅमची गाडी १.२ मीटरवर ठेवली तर तिच्यापाशी सुमारे १.७ ज्यूल ऊर्जा साठते. एखादा मध्यम पेरू जमिनीवरून टेबलावर उचलून ठेवायला जेवढी लागते, साधारण तेवढीच. ती वाढवायला फारसा मार्ग नाही. वजन मागच्या चाकांच्या जवळ ठेवलं तर गाडीचा भार उतारावर थोडा उंच राहतो आणि जरासा फायदा होतो, तोही नियमात बसेल एवढाच. एक कणही वाया गेला नाही, तर पायथ्याशी गाडीचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात काही वाटा हवा खाते, काही चाकं गरगर फिरवण्यात जातो आणि बराचसा चाक आणि खिळा यांच्या घासण्यात जातो. म्हणून या शर्यतीत जिंकणं म्हणजे गळती थांबवणं.

चाकाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर. १० मीटरच्या मार्गात प्रत्येक चाकाच्या शंभराहून थोड्या जास्त फेऱ्या होतात. सगळ्यात जास्त वेगात असताना ते सेकंदाला पन्नासेक वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत चाकाचं भोक खिळ्यावर सातेक मिलिमीटर घसटतं. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली तर १० मीटरच्या धावेत ७० सेंटिमीटरच्या आसपास घसट होते. अख्खी शर्यत तीनेक सेकंदांत संपते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या-हजाराव्या भागावर लागतो. तो या ७० सेंटिमीटरांत ठरतो.

खिळा

खोक्यातला खिळा यंत्रावर ठोकून बनवलेला असतो. डोक्याच्या खाली दोन बारीक कंगोरे राहतात आणि डोक्याच्या आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, असते. माझं नख अडकलं होतं ते यातल्याच एका कंगोऱ्याला. चाक फिरताना दर फेरीला या कंगोऱ्यावरून जातं.

आम्ही खिळा छोट्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरला. मशीन सावकाश फिरवत बारीक कानशीनं कंगोरे काढले. डोक्याची आतली बाजू किंचित तिरपी केली, म्हणजे चाक तिथं टेकलं तरी अगदी कमी जागेवर टेकेल. मग वॉटर पेपर. पाण्यात भिजवून वापरायचा हा काळा पॉलिशपेपर मोटारींच्या रंगकामाला लागतो. रविवार पेठेत बोहरी आळीला तो सुटा मिळतो. ४०० नंबरनं सुरुवात केली आणि ६००, १०००, १५०० असं करत २००० पर्यंत गेलो.

नात अधीर झाली होती. "थेट २००० घेऊ या ना, आजोबा, तोच सगळ्यात गुळगुळीत आहे." हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ मुलगा विचारतो. उत्तर असं : ४०० नंबरच्या पेपरवरचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे आणि २००० नंबरचे १० मायक्रॉनचे असतात. जाड कणांनी पडलेले खोल ओरखडे बारीक कण मिटवू शकत नाहीत. ते ओरखड्यांच्या माथ्यावरून फिरतात, पृष्ठभाग चमकतो, पण खाचा तशाच राहतात. प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरचे ओरखडे पुसणं, एवढंच. मी तिला भिंग दिलं. ६०० नंतर आणि १००० नंतर तिनं तोच खिळा पाहिला. त्यानंतर मधला एकही नंबर गाळायची गोष्ट तिनं काढली नाही. शेवटी घरातल्या पितळी भांड्यांसाठी आणलेलं ब्रासो सुती चिंधीवर घेऊन खिळा घासला. उजेडात धरला तेव्हा त्यात खिडकीचे गज दिसत होते.

चाक

चाक प्लॅस्टिकचं, साच्यात ओतलेलं. त्याच्या धावेवर साच्याची बारीक रेघ असते आणि भोकाच्या तोंडाशी कधी कधी प्लॅस्टिकची झालर. चाक छोट्या बोल्टवर नटनं कसायचं, ड्रिलमध्ये हळू फिरवायचं आणि ओल्या वॉटर पेपरनं धाव हलकेच घासायची. गोलाई साधली की थांबायचं. चाकाचा आकार बदलायला किंवा ते लेथवर कातायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. नियम आधी वाचावेत.

इथं माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या चाकाला पाणी कमी पडलं, वेग जास्त झाला आणि धाव एका जागी वितळली. लोखंड घासायची सवय असलेल्या हातांना प्लॅस्टिक किती लवकर मऊ होतं याचा अंदाज राहत नाही. प्लॅस्टिक घासताना पेपर सतत ओला हवा आणि वेग इतका कमी हवा की चाकावरचा ठिपका डोळ्याला मोजता यावा.

ते चाक वाया गेलं नाही. तिच्या तुकडीच्या नियमांत चारही चाकं टेकलीच पाहिजेत अशी अट नव्हती. पुढचं एक चाक जरा वर बसवून गाडी तीन चाकांवर पळवण्याची रीत या खेळात आहेच. एक चाक कमी फिरवावं लागलं की तेवढी ऊर्जा वाचते. वितळलेलं चाक आम्ही त्या जागी बसवलं.

धावेपेक्षा भोक महत्त्वाचं. त्यात पेपर जात नाही. जाड सुती दोऱ्याला टूथपेस्ट लावून तो भोकातून ओवायचा आणि मागे-पुढे ओढायचा. टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती सौम्य भुकटी असते, ती प्लॅस्टिकला पुरते. नंतर साबणाच्या पाण्यानं धुऊन चाक पूर्ण वाळवायचं. भोकात पेस्टचा कण राहिला तर सगळी मेहनत उलटते.

वंगण

घरात शिवणयंत्राचं तेल असतं, ते इथं चालत नाही. तेल धूळ धरतं आणि चिकट होतं. बऱ्याच ठिकाणी नियमातही ते बसत नाही. इथं ग्रॅफाइटची भुकटी लागते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकावर एक असतात आणि ते एकमेकांवरून सहज सरकतात. पेन्सिल कागदावर चालते ती याच गुणामुळे. मात्र पेन्सिलच्या शिशात माती मिसळलेली असते, म्हणून ते किसून वापरू नये. कुलपांसाठी मिळणारी शुद्ध भुकटी घ्यावी. चिमूटभर भोकात घालायची आणि चाक बोटानं खूप वेळ फिरवत राहायचं, म्हणजे ती भोकाच्या आणि खिळ्याच्या अंगाला बसते.

आम्ही प्रत्येक टप्प्यावर मोजलं. खोक्यातून काढल्यावर चाक खिळ्यावर धरून बोटानं फिरवलं, तर ९ सेकंदांत थांबलं. कंगोरे काढल्यावर १४. सगळं घासून ग्रॅफाइट बसवल्यावर ३६. वहीतले ते तीन आकडे नातीनं स्वतःच्या हातानं लिहिले आहेत.

चाक आपलंच आहे

चाकांवरच्या लहान गाड्या मराठी मुलखाला नव्या नाहीत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला, सारथी उभा असलेला ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ आहे. तो हजारो वर्षांपूर्वीचा. पांगुळगाड्याच्या तीन लाकडी चाकांवर तर आपल्या कित्येक पिढ्या चालायला शिकल्या. बैलगाडीचा कणा आणि तुंबा यांच्यात वंगण सुकलं की चाक करकरायचं आणि शेतकरी गाडी थांबवायचा. ती करकर म्हणजे बैलांची वाया जाणारी ताकद, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

घर्षण दर वेळी शत्रूच असतं असंही नाही. कर्नाटकात चन्नपट्टणला लाकडी खेळणं लेथवर फिरत असताना त्यावर लाखेची कांडी टेकवतात. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या पानानं तिला चकाकी देतात. ज्या उष्णतेनं आमचं चाक बिघडलं, तिच्यावरच तिथल्या कारागिरांचं काम चालतं.

खोका अमेरिकेहूनच यायला हवा असं नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी खेळणी बनवली आणि मुलांना शिकवली. त्याच धर्तीवर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधला लाकडाचा एक तुकडा, जुन्या खेळण्यातली चाकं किंवा बाटल्यांची झाकणं, धुरा म्हणून सरळ खिळे आणि खिळा फिरायला रिकाम्या रिफिलचा तुकडा एवढं पुरतं. उताराला एक फळी.

मोठ्यांसाठी दोन सूचना. ड्रिल चालताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि बाह्या वर सारलेल्या, केस बांधलेले हवेत. आणि घासायचं काम मुलाकडून काढून घेऊ नका. कापायला मदत करा, मशीन तुम्ही धरा, पण पेपर त्याच्या बोटांत असू द्या.

नातीची गाडी तिच्या तुकडीत चौथी आली. फोनवर तिनं निकाल सांगितला आणि लगेच विचारलं, "पुढच्या वर्षी २५०० नंबरचा पेपर मिळेल का?" मिळतो. मी आणून ठेवला आहे. या दिवाळीच्या सुटीत तुमच्या घरातल्या मुलालाही एक खिळा, एक भिंग आणि वॉटर पेपरचे चार नंबर द्या, आणि प्रत्येक पेपरनंतर चाक किती सेकंद फिरतं ते त्यालाच वहीत लिहू द्या.