घरातील भाषांची वहिवाट

मुलाशी घरात कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना कधी पडला असेल असे वाटत नाही. परंतु नोकरीनिमित्त बंगळूरला बिऱ्हाड केलेले मराठी जोडपे असो, न्यू जर्सीतील एखादे कुटुंब असो, किंवा आई तमिळ आणि वडील मराठी असा पुण्यातला संसार असो, मूल बोबडे बोलू लागण्याच्या सुमारास हा प्रश्न हटकून दारात उभा राहतो, आणि त्याच्या पाठोपाठ शेजारी, शिक्षिका व डॉक्टर यांचे परस्परविरोधी सल्लेही येतात. भाषाशास्त्र हा माझा पेशा नव्हे. पण अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलांविषयी हाती लागेल ते वाचावे, आणि निमित्त काढून अशा घरी जाऊन बसावे, हा नाद मला तरुणपणापासून जडलेला आहे. त्या नादातून बनलेले माझे मत थोडक्यात असे की, मुलाच्या तोंडी भाषा टिकते ती शिकवणीच्या बळावर नव्हे, तर वहिवाटीच्या बळावर. घरच्या कारभारात जिच्याकडे एखादे माणूस किंवा एखादे काम कायमचे सोपवलेले आहे, तीच भाषा नातवंडांपर्यंत पोहोचते.

या विषयाच्या ग्रंथांत आद्यपूजेचा मान झ्यूल राँजा या फ्रेंच पंडिताचा. त्याची पत्नी जर्मन होती, आणि 1908 साली त्यांना मुलगा झाला तेव्हा मोरिस ग्रामाँ या भाषाशास्त्रज्ञ स्नेह्याने असा सल्ला दिला की, प्रत्येक माणसाने मुलाशी आपली एकच भाषा बोलावी आणि ती कधी बदलू नये. बापाने फ्रेंच व आईने जर्मन, हा शिरस्ता त्या घराने निष्ठेने पाळला, आणि मुलाच्या भाषेचे टिपण 1913 साली पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी या दोन भाषांची राष्ट्रे एकमेकांविरुद्ध रणांगणात उतरली, ही गोष्ट निराळी. त्यानंतर अमेरिकेतील इव्हॅन्स्टन येथे प्राध्यापक वेर्नर लिओपोल्ड यांनी आपली कन्या हिल्डेगार्ड हिच्या इंग्रजी-जर्मन बोलण्याची रोजनिशी ठेवून 1939 ते 1949 या काळात तिचे चार खंड छापले. बाप एकटाच जर्मन बोलणारा, तेव्हा मुलीची जर्मन लंगडीच राहिली होती. पण पाच वर्षांची असताना ती काही महिने जर्मनीत राहिली आणि तेवढ्यात जर्मन इतकी मोकळी झाली की इंग्रजीच अडखळू लागली, आणि परतल्यावर थोड्याच काळात पारडे पुन्हा फिरले. बापाच्या वर्षानुवर्षांच्या चिकाटीला जे साधले नाही, ते सभोवतालच्या गरजेने सहज साधले!

दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, या जुन्या समजुतीचा समाचार एका परिच्छेदात घेतलेला पुरे. वेल्समधील मुलांच्या पाहणीवरून सेअर यांनी 1923 साली खेड्यांतील द्विभाषिक मुले मागे पडतात असे प्रतिपादन केले होते. परंतु 1962 साली माँट्रियल येथे पील आणि लँबर्ट यांनी सारख्याच आर्थिक स्थितीतील दहा वर्षांची मुले घेऊन तुलना केली तेव्हा द्विभाषिक मुलेच सरस ठरली. या सरसपणाचे माप किती धरावे याविषयी पुढील संशोधकांत मतभेद झाले. तथापि दोन भाषांमुळे मूल बुद्धीने मागे पडते, हे म्हणणे काही उभे राहिले नाही.

आता मी माझ्या आवडीच्या मुलखात येतो. सांगली जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेले कुपवाड हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या नावामुळे लोकांना ठाऊक आहे. पण जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ते ठाऊक आहे ते जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधामुळे. त्या काळी तीनेक हजार वस्तीच्या या गावात जमीनदार जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित व भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू, अशी व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. कोणाच्याही घरी शिक्षक आला नाही, कोणी मुलाची रोजनिशी लिहिली नाही, आणि तरीही घरोघरची भाषा आपल्या जागी शाबूत राहिली.

हे घडले कसे? घराच्या चार भिंतींच्या आतला व्यवहार हा आपल्या लोकांचा खासगी मामला, तेथे परक्याच्या भाषेला मज्जाव, असा अलिखित दंडक प्रत्येक जमातीने पाळला; आणि उंबऱ्याबाहेर मात्र सर्वांनी मराठीचा आश्रय केला. तिचा आश्रय का, याचे त्या संशोधकांनी दिलेले उत्तर मला फार मार्मिक वाटते: जैन आणि मुसलमान या गावातील दोन्ही मातब्बर जमातींपैकी एकीचीही ती घरची भाषा नव्हती, त्यामुळे ती बोलल्याने कोणी कोणापुढे नमते घेतले असे होत नव्हते. पोराला या व्यवस्थेचा धडा कोणी दिला नाही; आजीपाशी एक भाषा आणि पारावर दुसरी, हे ते चालायला शिकावे तितक्या सहज शिकले.

आणि या नित्य ये-जा करण्याचा परिणाम पाहावा! भाजी कापून आणल्याचे एखादे साधे वाक्य घेतले, तर कुपवाडच्या कानडीत, उर्दूत आणि मराठीत शब्द तेवढे निराळे, पण त्यांचा क्रम आणि प्रत्ययांची घडण जणू एकाच साच्यातून काढलेली. कानडीत मनुष्येतर सारे नपुंसक, म्हणून तेथील मराठी माणूस पुराचे पाणी चढले की ‘नदी आलं’ म्हणे, आणि उर्दू बोलणाराही नदीचे स्त्रीलिंग विसरे. उलट ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा मराठीचा विवेक तेथील उर्दूने उचलला. पुण्याच्या व्याकरणप्रेमी मंडळींना यात भाषेची भ्रष्टता दिसेल. मला मात्र यात भाषांचे दीर्घायुष्य दिसते. शुद्धतेच्या हट्टाने कुलूपबंद केलेली भाषा मुले सोडून देतात, वापरून झिजलेली सोडत नाहीत. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी अलीकडे या गावाचा पुन्हा अभ्यास केला आहे, तोही जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. मी स्वतः तेथे गेलो तेव्हा एका जैन शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो; शाळकरी नातू आजीशी कानडीत हुज्जत घालीत होता, इतक्यात दारात खताच्या उधारीचा माणूस आला, तर वाक्य अर्धे सोडून त्याने त्याला मराठीत ‘दादा शेतावर गेल्यात, सांजच्याला या’ म्हणून वाटेला लावले आणि उरलेली हुज्जत कानडीत पुरी केली.

दक्षिणेकडे आणखी एक घर आहे, त्याच्याविषयी बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, आणि 1855 साली तेथील भोसल्यांची गादी संपुष्टात आली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र खेळवल्या, यावरून त्या दरबाराचा कान कसा होता हे कळते. सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या छापखान्यातून इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने देवनागरीत छापविले, म्हणजे कावेरीच्या तीरावर मराठी मुलांच्या वाचनाची तजवीज झाली होती. राज्य गेले, दप्तरातली मोडी वाचणारे विरळा झाले, तरी तंजावर-कुंभकोणमकडील देशस्थ घरांत मराठी अद्याप बोलली जाते. कुंभकोणमच्या अशाच एका घरी, देवनागरीचे अक्षर न ओळखणाऱ्या वृद्ध गृहिणीने नातवाला मराठीत जेवायला हाक मारली आणि वाढता वाढता मराठीतच दटावले. शाळेतले भांडण त्याने आईला सांगितले ते तमिळमध्ये. राजाश्रयाने जे राखले नाही, ते स्वयंपाकघराने राखले.

याच्याशी आपल्याकडचे चित्र ताडून पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. एका बालवर्गाच्या बाईंनी माझ्या परिचयातील आईवडिलांना बजावले होते की, मुलाशी घरी इंग्रजीच बोला, नाहीतर ते मागे राहील. आणि त्या दोघांनी स्वतःला धड न येणाऱ्या भाषेत मुलाचे लाड करायला आरंभ केला. ही मुलाशी केलेली प्रतारणा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. इंग्रजीला शाळा आहे, बाजार आहे, पुढे नोकरीही आहे. तिला घराची निकड नाही. परदेशी मराठी मंडळे रविवारच्या शाळा चालवतात, त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण आठवड्यातून दोन तास भेटणारी भाषा मुलाला पाहुणीच वाटणार.

म्हणून आईबापांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या भाषेचा तास घेऊ नका, तिला काम द्या: आजीचा फोन मुलाने स्वतः घ्यावा, फोडणीला काय हवे ते त्याला विचारून आणवावे, रागवायचे ते त्याच भाषेत आणि निजवायचे तेही त्याच भाषेत. त्याने दोन भाषांची मिसळ केली तर हसू नका, चुका वेचू नका, आणि त्याने दुसऱ्या भाषेत उत्तर दिले तरी आपली भाषा सोडू नका. जोडीदाराची भाषा निराळी असेल तर तिलाही तितकाच मान आणि तितकेच काम द्यावे. मूल चार भाषांचे ओझे हसत पेलते. त्याला पेलवत नाही ती घरच्या माणसांनीच टाकून दिलेली भाषा.