चावडीवर कोण बसते?

मराठी विकिपीडियावर 'चावडी' नावाचे एक पान आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशात जे लेख लिहितात, दुरुस्त करतात आणि एकमेकांच्या चुका दाखवितात, ते सर्वसाधारण विचारविनिमयासाठी या पानावर जमतात. त्यांना ना वेतन, ना नेमणुकीचा हुकूम. आणि मतभेद पडल्यास हात वर करून नव्हे, तर सहमतीने मार्ग काढावा, असा संकेत आहे. ज्याने हे नाव योजिले त्याने समर्पक शब्द निवडला यात शंका नाही. परंतु खेड्यातील जुनी चावडी ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना त्या शब्दासरशी आणखी एक चित्र दिसते. चावडीवर पाटील बसे, कुलकर्णी दप्तर उघडी, कोतवाल दाराशी उभा राही. आणि बाई आलीच तर ती पदर सावरून पायरीखालूनच आपली कैफियत मांडी, किंवा तिच्या वतीने दुसराच कोणी मांडी. तिने वर येऊ नये असा हुकूम कोणत्याही दप्तरात नसे. ती वर येत नसे, एवढेच.

इंटरनेटवरील सामाईक ज्ञाननिर्मितीची अवस्था याहून फारशी निराळी नाही. जगभरातील विकिपीडियांच्या लेखक-वाचकांची जी पाहणी २००८ साली झाली, तीत लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण शेकडा १३ हूनही कमी आढळले. हे प्रमाण २०१५ पर्यंत शेकडा २५ वर न्यावे असा संकल्प विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने सोडला, आणि तो सिद्धीस गेला नाही. आपल्या देशात तर पायरीच उंच आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भागातील जवळजवळ निम्म्या पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते, स्त्रियांपैकी मात्र एक चतुर्थांशांनीही नाही.

पण साधन हाती आले म्हणजे जागा मिळतेच असे नाही. या कोशात कोणाचेही लेखन कोणालाही क्षणार्धात उलटविता येते. तसे का केले हे चर्चा पानावर विचारावे, उत्तराला प्रत्युत्तर द्यावे, आणि असे दिवसेंदिवस चालावे, ही तेथील रीत आहे. ज्याच्यापाशी रात्रीची निवांत वेळ आहे आणि ज्याला उद्धट भाषा बोचत नाही तो अखेरपर्यंत टिकतो, आणि जे टिकले त्यांचे एकमत म्हणजे सहमती ठरते. एमिली टेंपल-वुड या अमेरिकन विद्यार्थिनीला विकिपीडियावर लिहिते म्हणून बीभत्स पत्रे येत. अशा प्रत्येक पत्रामागे एका स्त्री-शास्त्रज्ञाविषयी एक लेख सिद्ध करावयाचा, असा नेम तिने केला, आणि २०१६ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट विकिपीडियनचा सन्मान तिला रोझी स्टीफन्सन-गुडनाइट यांच्यासह मिळाला. तिच्या तेजापुढे मी नतमस्तक आहे. तथापि सभेत नुसते बसण्यासाठी एखाद्या सभासदाला एवढे धैर्य खर्ची घालावे लागावे, हा त्या सभेचा दोष होय.

या जागी मला गडचिरोलीची आठवण होते, कारण सहमतीने चालणारी सभा म्हणजे काय हे त्या अरण्यप्रदेशाने प्रत्यक्ष करून दाखविले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा परिपाठ पाडला. (पित्याच्या नावाआधी मातेचे नाव लावणाऱ्या या कार्यकर्त्याची येथे आठवण होणे अप्रस्तुत नाही.) २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेने स्वतः द्यावयास आरंभ केला. पुढे २०१२ साली वनहक्क कायद्याचे नियम सुधारले गेले, तेव्हा त्यांत एक कलम स्पष्ट शब्दांत आले: ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सभासद हजर असावेत, आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. दार उघडे आहे, ज्यांना यावयाचे त्या येतील, असे म्हणून कायदा थांबला नाही. त्या आल्याशिवाय सभा ही सभाच नव्हे, असे त्याने ठरविले. ज्ञानाच्या सामाईक रानाला असा नियम अद्याप नाही, आणि माझ्या मते त्याची उणीव तेथेच आहे.

स्त्रियांना अशा कामांची रुचीच नसते, हा युक्तिवाद निदान गडचिरोली आणि शेजारचा चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत तरी कोणी करू नये. २०१० साली दारूबंदीच्या मागणीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी चालत गेलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील मोर्चात स्त्रियाच अग्रभागी होत्या.

कोशाची उणीव एवढ्यावरच थांबत नाही, कारण कोण बसले आहे त्यावर काय लिहिले जाते हे अवलंबून असते. चैत्राच्या पहाटे मोहाखाली टोपली घेऊन वाकलेली बाई पाहा. आदल्या दिवशी तिने झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी केलेली असते, म्हणून पांढरट-पिवळी, रसाने जड झालेली फुले काळ्या मातीवर स्पष्ट दिसतात. कोणते झाड आधी गळते, कोणते मागून, फूल किती दिवस वाळवावे, हे सारे तिला मुखोद्गत असते. कोशात मात्र 'संदर्भ द्या' अशी अट आहे, आणि ती रास्तही आहे. पण तिचे ज्ञान ज्यात छापले गेले असे ग्रंथ बोटांवर मोजण्याइतके. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते नोंदविले, म्हणून तेवढे तरी आज दाखविता येते. त्यांनी व डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध केले की शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होता, आणि अशी तपासणी पूर्वी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. दुखणे घरोघर होते. लिहिले कोठेही नव्हते, कारण विचारणारे कोणी नव्हते. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेख नव्हता; काही महिन्यांपूर्वी आलेला मसुदा पुरेशा संदर्भांअभावी परत केला गेला होता. दप्तरांतून आधीच गाळलेली स्त्री कोशातूनही गळते, ती अशी.

तृतीयपंथी व्यक्तींचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि मराठीत तर तो व्याकरणाच्या गाभ्यालाच जाऊन भिडतो. इंग्रजीत वाद मुख्यतः सर्वनामाचा. आपल्याकडे लिंग क्रियापदात उतरते, विशेषणात उतरते. 'तो शाळेत पहिला आला. विसाव्या वर्षी ती घराबाहेर पडली' असे एकाच व्यक्तीच्या चरित्रात कोणी लिहिले, तर त्या दोन वाक्यांच्या सांध्यावर एक जिवंत माणूस दुभंगतो. मधला मार्ग म्हणून 'ते' लिहावे, तर माणसाला नपुंसकलिंग लावणे ही आपल्या समाजातील जुनी हेटाळणी आहे. आणि आदरार्थी अनेकवचन घ्यावे, तर तेही 'ते आले' आणि 'त्या आल्या' असे विभागलेले. मराठी लेखकाला तटस्थ राहण्याची मुभा भाषेने फारशी ठेवलेलीच नाही. त्याला ठरवावेच लागते. मात्र ठरविण्याचा अधिकार त्याचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तो अधिकार त्या व्यक्तीचा मानला, आणि २०१९ च्या कायद्यानेही स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क मान्य केला.

इंग्रजी विकिपीडियाला हे सहज उमगले नाही. २०१३ साली अमेरिकन सैनिक चेल्सी मॅनिंग यांनी आपण स्त्री असल्याचे सांगून आपले हे नवे नाव जाहीर केल्यावर लेखाचे शीर्षक बदलले, पुन्हा जुने केले गेले, आणि सुमारे दीड महिन्याच्या कडवट वादानंतरच नवे नाव कायम झाले. त्या चर्चेत तृतीयपंथी माणसांविषयी जे लिहिले गेले ते वाचवत नाही. २०२१ च्या आरंभी जाहीर झालेल्या विकिमीडियाच्या वैश्विक आचारसंहितेने मात्र, माणूस स्वतःला ज्या नावाने व सर्वनामाने ओळखतो त्याचा आदर राखणे हे सर्व भाषांतील विकिपीडियांचे कर्तव्य ठरविले. तरीही एक काटा उरतो: येथे प्रत्येक पानाचा इतिहास जतन होतो, आणि ज्या सदस्याने आपले नाव बदलले त्याची जुनी स्वाक्षरी जुन्या चर्चांत तशीच राहते.

माझे मागणे दोन प्रकारच्या वाचकांपाशी आहे. जे मराठी विकिपीडियावर प्रचालक आहेत वा नित्य लिहितात, त्यांनी सहमती झाली असे म्हणण्यापूर्वी एवढे पाहावे की ज्यांच्याविषयी हा वाद आहे त्यांच्यापैकी कोणी बोलले काय. आणि नसेल, तर गणपूर्ती झाली नाही असे समजून थांबावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या भगिनींना, आणि आपली ओळख स्वतः ठरविलेल्या सर्वांना, माझी विनंती अशी की या चावडीला परवाना लागत नाही, शिफारस लागत नाही, दमडीही पडत नाही. मोहाचा लेख उघडा, तुमच्या आईला ठाऊक आहे आणि तेथे नाही असे एक वाक्य शोधा, त्याला आधार मिळवा, आणि ते लिहा. कोणी उलटविले, तर चर्चा पानावर कारण विचारा. आणि त्या दिवशी एकटीने जाऊ नका, चार मैत्रिणींना बरोबर घेऊन जा.