बागेची काँक्रीट कड : आधी काय, नंतर काय?

वसतिगृहाच्या अंगणात श्रमदानातून बाग उभी राहते, तेव्हा वाफ्यांची काँक्रीट कड बहुधा घाईने घातली जाते. मग मातीची ट्रॉली तिच्यावरून जाते आणि देणगीतून आलेले सिमेंट वाया जाते. कामाचा क्रम पाळला तर हे टळते.

प्रथम जमिनीचा उतार काढावा आणि माती-मुरुमाची मोठी वाहतूक उरकावी. पाण्याचे पाइप कडेखालून आधीच न्यावेत, म्हणजे पुढे ती फोडावी लागत नाही. जमीन चोपून घट्ट झाली की मगच कड ओतावी. दर मीटरभर अंतरावर सांधा ठेवावा. तडा गेलाच तर तो सांध्यातच जातो.

उन्हाळ्यात ओतकाम सायंकाळी करावे. दुसऱ्या दिवसापासून ओले गोणपाट घालून किमान १० दिवस कड ओली ठेवावी. पाणी मारण्याची पाळी मुलांनी वाटून घ्यावी. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात. तोवर जड गाडी जवळ आणू नये.

रोपे सर्वांत शेवटी. जूनच्या पावसात ती लावायची, तर मेच्या पहिल्या आठवड्यातच कड ओतलेली हवी. पाऊस आपल्यासाठी थांबत नाही.