दिवेलागणीचे गणित

मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सायंकाळी ६ च्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी ७.२० च्या आसपास, त्यामुळे साध्या टायमरने ६.३० ला बांधून ठेवलेला दिवा हिवाळ्यात काळोख पडल्यावर लागतो, तर पावसाळ्याच्या तोंडाशी उजेडातच जळत राहतो. स्मार्ट प्रकाशयोजना सूर्याची स्थिती गणिताने काढते आणि त्यासाठी तिला घराचे अक्षांश-रेखांश अचूक द्यावे लागतात. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागत असल्याने मुंबईच्या पूर्वेला सुमारे ६ अंशांवर असलेल्या नागपुरात दिवेलागण ऋतुमानाप्रमाणे २० ते ३० मिनिटे आधी होते.

सूर्यास्त म्हणजे अंधार नव्हे, ही गोष्ट मात्र सेटिंग करताना हमखास विसरली जाते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश उतरेपर्यंत जो उजेड रेंगाळतो त्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात. मुंबईत तो २२ ते २४ मिनिटे टिकतो, लंडनमध्ये जून महिन्यात पाऊण तासाच्या आसपास. म्हणून ‘सूर्यास्तानंतर १५ मिनिटांनी’ ही सूचना एका गावापुरतीच ठीक. होम असिस्टंटसारख्या मुक्तस्रोत प्रणालीत सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची त्याची अंशांतील उंची, हीच अट घालता येते, आणि बैठकीचा दिवा उणे ३ अंशांना लागावा असे एकदा सांगितले की ऋतू बदलला तरी त्यात हात घालावा लागत नाही. ढग मात्र या गणिताला दिसत नाहीत; आषाढात दुपारी ४ लाच घर काळवंडते, तेव्हा उजेड मोजणाऱ्या सेन्सरची जोड हवीच.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: २७०० चा उजेड पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि रात्री तो मिळाल्यास झोपेशी निगडित मेलाटोनिनचे स्रवण मंदावते, म्हणून रात्री ९ नंतर दिवा २७०० वर आणून मंद करणे हितावह ठरते.

एवढे सारे जुळवूनही भिंतीवरचे बटण कोणी सवयीने बंद केले, तर स्मार्ट बल्बचा वीजपुरवठाच तुटतो आणि सूर्य कोठेही असला तरी तो लागत नाही. जेथे रंग बदलण्याची गरज नाही, तेथे बटणामागे बसणारा स्मार्ट रिले अधिक भरवशाचा; मात्र बहुतेक रिलेंना न्यूट्रल वायर लागते, तेव्हा ती स्विचबोर्डात आहे की नाही हे खरेदीपूर्वीच वायरमनकडून पाहून घ्यावे.