ओळीच्या शेवटी राखलेली जागा

अँड्रॉइड फोनच्या पोटात जे लिनक्स कर्नेल चालतं, त्याचं बरंचसं काम आजही साध्या ईमेलवर होतं. कुणीतरी एखादी दुरुस्ती पत्रात लिहून पाठवतं, जाणकार ती वाचतात, शंका काढतात. पसंत पडली की तेच पत्र गिट नावाच्या प्रोग्रामच्या हवाली होतं आणि तो त्यातला बदल उचलून मूळ कोडमध्ये बसवतो. एकच पत्र माणसानेही वाचायचं आणि यंत्रानेही! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

असं एक पत्र जवळून पाहू. विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच चौकटी कंसात लिहिलेलं असतं : पॅच, व्ही२, ३/७. म्हणजे सात पत्रांच्या मालिकेची ही दुसरी आवृत्ती आणि त्यातलं हे तिसरं पत्र. मग बदल का हवा, ते थोडक्यात. त्याखाली सहीची ओळ : हे काम पुढे सोपवण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही. ही प्रथा २००४ मधली.

मग येतात तीन छोट्या आडव्या रेघा. त्यांच्या वरचा मजकूर प्रकल्पाच्या इतिहासात कायमचा नोंदला जातो. खाली मात्र ‘मागच्या वेळी सुचवलंत तसं नाव बदललं’ असं तपासणाऱ्याशी मोकळेपणाने बोलता येतं. बदल बसवताना गिट ते बोलणं अलगद गाळून टाकतं.

शेवटी प्रत्यक्ष बदल. काढलेल्या ओळीच्या आधी वजाचं चिन्ह, घातलेलीच्या आधी अधिकचं. आणि जी ओळ तशीच आहे, तिच्या आधी नुसती मोकळी जागा. इथे कोऱ्या जागेलाही अर्थ आहे : ‘या ओळीला हात लावलेला नाही.’ अशा आजूबाजूच्या ओळी जुळवूनच गिट योग्य ठिकाण शोधतं. मेल प्रोग्रामने मदत म्हणून टॅबच्या जागी स्पेस घातल्या किंवा कोडची लांब ओळ मधेच मोडली, की जुळणी फसते. म्हणून तिथला दंडक : साधा मजकूर पाठवा. रंग नको, ठळक अक्षरं नकोत, एचटीएमएल तर नकोच. बदलही जोडफाइलमध्ये न ठेवता पत्रातच लिहा, कारण तपासणाऱ्याला ओळ न् ओळ उद्धृत करून उत्तर द्यायचं असतं.

हे उत्तर मला सटीक पोथीसारखं वाटतं. पोथीत आधी श्लोक, त्याच्या खाली टीका. इथे आधी मूळ ओळ, तिच्या डाव्या कडेला ‘>’ अशी खूण, आणि लगेच खाली उत्तर. ज्याच्याशी संबंध नाही तो मजकूर छाटून टाकायचा. उत्तराला प्रत्युत्तर आलं की जुन्या ओळीला आणखी एक खूण लागते. नुसत्या खुणा मोजल्या तरी कुठलं बोलणं किती जुनं, ते कळतं.

या खुणांमुळेच पत्रातल्या ओळीच्या लांबीचं एक कोडंही उलगडतं. आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते, पुढे संगणकाचे पडदेही ८० अक्षरांचे झाले. १९९५ मध्ये निघालेल्या नेटवरच्या शिष्टाचारांच्या मार्गदर्शिकेने तर ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवा, असं सुचवलं. जुन्या जाणत्यांचा रिवाज मात्र ७२ च्या आसपास ओळ मोडण्याचा. पडदा ८० चा असताना ७२ वरच का थांबायचं?

उत्तर त्या खुणेत आहे. ‘>’ आणि तिच्यामागची मोकळी जागा मिळून दोन घरं जातात. ७२ आणि ८० यांच्यात उरतात आठ घरं. म्हणजे चार वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालं, तरी पहिल्याने लिहिलेली ओळ न मोडता पडद्यावर शाबूत राहते.